अहवालातून वगळलेला वास

माझ्या मेंदूत जंताच्या अळीची एक गाठ होती आणि दोन महिने मी तिला भांडवलशाही समजत होते.

हसू आलं तर हसा. मलाही आता येतं. तेव्हा हसता येत नव्हतं, कारण जीभ कडेने चावली गेली होती, समोरचा एक दात तुटला होता आणि खालच्या ओठाला तीन टाके पडले होते. ज्यांना नुकताच पहिला झटका येऊन गेलाय, किंवा ज्यांच्या घरात कुणाला आलाय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. औषधांची नावं सांगणार नाही. ती प्रत्येकाची वेगळी असतात आणि तुमच्या डॉक्टरांनाच विचारायची असतात. मी कुठे चुकले तेवढं सांगणार आहे. त्यातलं थोडं नकळत चुकलं आणि थोडं जाणूनबुजून.

कामाचं स्वरूप

मी नांदेडची. वडील निवृत्त शिक्षक. दुसऱ्यांच्या घरी गोष्टींची पुस्तकं असतील, आमच्या घरी पत्रकं होती. पाण्याच्या टँकरवर पत्रक, भोंदू बाबांवर पत्रक, शाळेच्या गळक्या छतावर पत्रक. मला अक्षरओळख झाली तीही त्यांच्यावरूनच. माझं नाव क्रांती आहे आणि ते मला विचारून ठेवलेलं नाही.

लातूरला मला काम मिळालं ते आभासी वास्तवाची यंत्रं तपासण्याचं. डोळ्यांवर चढवायचे हेडसेट आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणारी ॲप, अशी बरीच सामग्री एका कंपनीने जिल्ह्यात आणली होती. ती कुठे वापरायची, कुठे नाही, हे ठरवायला एक समिती होती. समितीतली माणसं मोठी, त्यांना वेळ नसायचा. त्यामुळे यंत्र स्वतः वापरून अहवाल लिहायचं काम आम्हा तिघांकडे होतं. आम्ही लिहू त्यावर समिती सही करायची.

काम मला आवडायचं. नीटनेटकी फसवणूक पकडण्यात जी मजा असते ती त्यात होती. शेतीच्या ॲपमध्ये सोयाबीनच्या पानावर मोबाइल धरला की रोगाचं नाव पानावर तरंगायचं. दुकानातल्या सावलीत उत्तम चालायचं. शेतात भर उन्हात पडद्यावर स्वतःचं तोंड सोडून काही दिसायचं नाही. आयटीआयच्या पोरांना वेल्डिंग शिकवणारा हेडसेट मात्र खरंच चांगला होता. हात भाजल्याशिवाय हात बसत होता. मी तसं लिहिलंही. मेडिकल प्रवेशाच्या क्लासवाल्यांच्या हेडसेटमध्ये माणसाचं हृदय हवेत तरंगायचं, हाताने फिरवून आत डोकावता यायचं. पण एका हॉलमध्ये दोनशे मुलं आणि हेडसेट दोन. पोरगं हृदयात शिरलं न शिरलं तोच मागचा त्याच्या पाठीत गुद्दा घालायचा, "निघ की बे, मला बघायचंय!" जाहिरातीत मात्र प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर एकेक हेडसेट होता.

माझ्या खोलीच्या खिडकीतून असे चार क्लासचे फलक दिसायचे. याच जिल्ह्यात एका पहाटे जमीन हलली आणि आईचं गाव तिच्या धाकट्या बहिणीसकट मातीखाली गेलं. आता आख्ख्या राज्यातून पोरं इथे डॉक्टर व्हायला येतात, आणि निकालाच्या दिवशी काहींच्या खोल्यांची दारं आतून उघडत नाहीत, बाहेरून फोडावी लागतात. हा राग मी रोज उशाला घेऊन झोपायचे. तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

त्याच सुमारास मला वास यायला लागला. जळक्या केसांचा. हेडसेट घातला की पाच-सात मिनिटांत यायचा, आणि पाठोपाठ डावा गाल आपोआप उडायचा. अहवालात "वापरकर्त्याला झालेला त्रास" असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: जळका वास, चेहऱ्याचा स्नायू उडणे, अर्धा मिनिट भान हरपल्यासारखे वाटणे. एकदा नाही, चार अहवालांत लिहिलं. चौथा अहवाल होता भाजलेल्या रुग्णांच्या हेडसेटचा. ड्रेसिंग बदलताना रुग्णाचं मन दुसरीकडे गुंतावं म्हणून ते यंत्र होतं. ते मी कार्यालयातल्या खुर्चीत बसून तपासलं. मला कुठेही भाजलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं, "रुग्णांसाठी घातक. तात्काळ बंद करावे."

मग बाबांना फोन केला. चार दिवसांत नांदेडहून पत्रकं छापून आली: "मुलांच्या डोळ्यांना झापडं कुणी बांधली?" मजकूर माझा होता. क्लास सुटायच्या वेळी मी ती रस्त्यावर उभी राहून वाटली.

ज्या दिवशी पडले

आईच्या गावातल्या शाळेत भूकंपाच्या कवायतीचा हेडसेट तपासायचा होता. गाव म्हणजे पुनर्वसनातलं नवं गाव. मामाला भेटायचं म्हणून आईही आली होती. हेडमास्तर म्हणाले, आधी आक्कांना दाखवू, त्यांनी खरा भूकंप बघितलाय.

आई हेडसेट घालून बाकावर बसली. दोन मिनिटं मान इकडेतिकडे फिरवली. मग म्हणाली, "हे भूकंप हाय व्हय?"

"का आई?"

"धूळ कुठाय ह्यात? नाकातोंडात माती जाऊन मेली माणसं. ह्यात तर सगळं लख्ख दिसायलंय."

आतली बाई गोड आवाजात सांगत होती, ताबडतोब टेबलाखाली शिरा. आईने हवेत हात फिरवला. "कोणतं टेबल? आमच्या घरात टेबल असतं तर मी शाळा नसते का शिकले?"

पोरं हसली. हेडमास्तरही हसले. "आक्का, आता टेबलं आलीत."

"टेबलं आली, पन भिंती कोनत्या हायत ते तर बघा की. गावाबाहेर वस्तीवर अजून दगडमातीच्याच हायत. पोरं टेबलाखाली बसली तर वरून दगड यील. बाहेर पळा म्हना त्यांना."

मी वहीत हे सगळं लिहून घेतलं आणि हेडसेट स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. भिंती डोलायला लागल्या. दिवे लुकलुकले. वास आला, कधी नव्हे इतका दाट. पुढचं मला आठवत नाही. सांगितलेलं सांगते.

मी बाकावरून सरळ तोंडावर पडले. हातपाय फरशीवर आपटत होते, हेडसेट डोक्यालाच होता आणि तो फरशीवर ठाण्‌ठाण् वाजत होता. कुणीतरी चप्पल काढून नाकाला लावली. शिपायाने कांदा फोडला. दोघांनी हात दाबून धरले, दोघांनी पाय. एका भल्या माणसाने जीभ चावू नये म्हणून दातांत स्टीलचा चमचा घुसवला. दात त्यानेच तुटला, ओठही त्यानेच फाटला. रक्त बघून पहिलीदुसरीची पोरं किंचाळत वर्गाबाहेर पळाली.

आई काय करत होती ते मामाने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ती माझ्या अंगावरून काहीतरी उचलून बाजूला फेकत होती. दोन्ही हातांनी, दम लागेपर्यंत. "भिंत उचला," म्हणून ओरडत होती, "अरे पोरगी खाली हाय, भिंत उचला!" माझ्या अंगावर काहीच नव्हतं.

तुमच्यासमोर कुणी असं पडलं तर एवढंच करा. आजूबाजूचं टणक सामान सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी बोलवा. तोंडात काहीही घालू नका. हातपाय दाबू नका. माझे दंड पंधरा दिवस काळेनिळे होते, आणि ते झटक्याने झालेले नव्हते.

निदान

लातूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडाला धरली आणि पेनाने एक ठिपका दाखवला. हरभऱ्याच्या डाळीएवढा.

"ही जंताची अळी आहे. मेंदूत जाऊन बसली आहे, भोवती सूज आहे. औषधांनी बरी होते. घाबरू नका."

आईला ट्यूमर ऐकायची तयारी होती, जंत ऐकायची नव्हती. "जंत? डोक्यात? आवो, आमच्यात कुनी अंडंसुद्धा खात न्हाई."

"कोथिंबीर खाता ना? गाजर, मुळा, पत्ताकोबी? ते कुठल्या पाण्यावर वाढलं, कसं धुतलं गेलं, ते कळत नाही. यात कुणाचा दोष नसतो."

"दोष आहे," मी टाक्यांतून म्हणाले. "भाजीला गटाराचं पाणी देतात, ते कुणाला दिसत नाही का?"

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बरं. त्यावर नंतर मोर्चा काढा, मीही येते. आधी सांगा, पडायच्या आधी कधी काही जाणवलं होतं? वास, आवाज, हात-तोंड उडणं?"

"वास. आणि गाल."

"कधीपासून?"

"दोन महिने."

"आणि आला नाहीत?"

"मला वाटलं तो हेडसेटचा दोष आहे. मी तसं लिहून दिलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हेडसेट डोळ्यांवर नसताना वास कधी आलाच नाही?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

आला होता. ऑटोत आला होता. नांदेडला जाताना रेल्वेत, स्टेशनाच्या जरा अलीकडे आला होता. एकदा खोलीत, केस धुताना. तेव्हा मी हसून स्वतःलाच म्हटलं होतं की यंत्राचा परिणाम किती खोल जातो बघ. पण दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिताना पेन त्या रकान्यावर थांबलं होतं. "हेडसेट नसतानाही," एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या लिहिल्या तर माझा सगळा मुद्दा ढिला पडला असता. मी त्या लिहिल्या नाहीत. विसरले नव्हते. वगळल्या होत्या.

"आला होता," मी शेवटी म्हणाले.

त्या दिवशी मला आजाराचं नाव कळलं, आणि दोन महिने तो कुणी लपवला तेही.

वॉर्डातले दिवस

सकाळी पाचला झाडूवाली, सहाला थर्मामीटर, सातला कुणाच्या तरी नातेवाईकाचा मोबाइल मोठ्याने भजन लावायचा. आठला सिस्टर. त्या देगलूरच्या, बोलताना मध्येच तेलुगूत शिव्या घालायच्या. माझ्या नावाची त्यांना फार गंमत वाटायची. "क्रांती, गोळी खाल्ली का? क्रांती, आंघोळ केली का? अगं, क्रांतीला कुणीतरी उपमा द्या रे."

सूज उतरवायला दिलेल्या औषधांनी माझ्या अंगात राग भरला. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, चिडचिड होईल. चिडचिड हा फार लहान शब्द आहे. मी भिंतीवर डोकं आपटलं. सलाइनचा स्टँड ढकलून पाडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला "कण्हू नका" म्हणून ओरडले. बाबांनी नांदेडहून आणलेला डबा त्यांच्याच छातीवर फेकला. भाजी त्यांच्या पांढऱ्या शर्टावरून खाली ओघळली आणि ते रुमालाने पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी आई केस विंचरायला लागली आणि कंगवा गुंत्यात अडकला. मी वळले आणि तिच्या थोबाडीत मारली. सगळ्या वॉर्डाने आवाज ऐकला.

आईने गालाला हात लावला नाही. कंगवा हळूच सोडवून घेतला. "हान," ती म्हणाली. "भूकंपानं न्हाई मेले, तुझ्यानं काय मरते?"

मग ती नळावर गेली ती बराच वेळ आली नाही.

तुमच्या घरचं माणूस या औषधांवर असेल आणि अंगावर धावून येत असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. माझा डोस बदलला. राग उतरला. हातांची थरथर मात्र राहिली. आणि रुग्णासाठी एक गोष्ट: औषधाने मारलं असेल, पण हात माझा होता. माफी मीच मागितली.

दहाची वेळ

रोज सकाळी दहाला व्हरांड्यापलीकडून एक बाई ओरडायची. सुरुवात शिव्यांनी व्हायची, मग "आये, आये", आणि मग शब्द संपून नुसता आवाज उरायचा. अर्धा तास. आमच्या वॉर्डातल्या बायका साडेनऊलाच कानांवर पदर घ्यायच्या.

"कोण आहे ती?" मी सिस्टरना विचारलं.

"सुलोचना. हिमायतनगरची. इथं एका मेसमध्ये पोरांचा स्वयंपाक करायची. वरणाचं पातेलं उतरवताना कान तुटला पातेल्याचा, मांड्यांवर आलं सगळं, आन् डाव्या हातावर. रोज ड्रेसिंग असतं."

"भूल देत नाहीत?"

"रोज कुठली भूल? इंजेक्शन देतो, ते पुरत न्हाई." सिस्टरनी माझी नाडी सोडली. "मधी ते डोळ्यावर लावायचं यंत्र आलं होतं. चार दिवसच वापरलं. बघ, माझ्या नोकरीत पहिल्यांदा एका पेशंटनं ड्रेसिंगच्या टेबलवर मला जोक सांगितला. मग बंद झालं. कोन्या कार्यकर्तीनं लिहून दिलं म्हणे, त्यानं झटके येतात. कपाटात पडलंय आता. ती बाई सापडली ना, तिला त्या टेबलवर झोपवते मी."

त्या गेल्यावर मी उठले, भिंतीला धरून व्हरांडा ओलांडला.

मी काय बघितलं ते पूर्ण लिहिणार नाही. जखमेला चिकटलेली पट्टीची जाळी ओली करून सोडवत होते आणि जाळीबरोबर बाकीचंही येत होतं. सुलोचनामावशींचा उजवा हात पट्ट्याने टेबलाला बांधला होता, कारण आदल्या दिवशी त्यांनी वॉर्डबॉयचा गळा धरला होता. त्या मान आपटत होत्या. मी दारात उभी राहिले आणि जाळी संपेपर्यंत हलले नाही. बघायला मी कार्यालयातून महिनाभर आधी यायला हवं होतं.

संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी गेले. "मावशी, ते यंत्र माझ्यामुळे बंद झालंय. ते लिहिणारी मी."

त्यांनी मला तुटक्या दातापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तू व्हय ती? जवळ ये."

मी वाकले. त्यांनी उजव्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. खाटेवर पडलेल्या बाईच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"मनात ठेवून उपयोग न्हाई," त्या म्हणाल्या. "झालं. आता ते यंत्र आन."

पत्र

बाबा खाटेच्या कडेला बसले होते. मी सांगत होते आणि ते लिहून घेत होते, कारण माझ्या हातात पेन थरथरत होतं. "माझ्या चार अहवालांत नोंदवलेला त्रास हेडसेटमुळे झाला, असे मी लिहिले होते. तो त्रास हेडसेट नसतानाही होत होता. अहवाल लिहिताना हे मला माहीत होते. मी ते लिहिले नाही."

बाबांचं पेन थांबलं. "माहीत होते, असं नको. 'नंतर लक्षात आले' लिहू."

"नंतर लक्षात आलेलं नाही."

"क्रांती, तुला कळतंय का? उद्या क्लासवाले हा कागद चौकात लावतील. आपण आयुष्यात पुन्हा जे काही छापू, त्यावर लोक हसतील. थोडं थांब. डिस्चार्ज होऊ दे. मग सविस्तर लिहू, दोन्ही बाजू मांडून."

"बाबा, उद्या दहाला त्यांचं ड्रेसिंग आहे. परवा पण आहे."

"तू आजारी होतीस. आजारी माणसाच्या चुकीला..."

"हे शिकवलंत तुम्ही मला? आपली असेल तर चूक, त्यांची असेल तर लबाडी?"

"आवाज खाली कर."

"नाही करत! तुम्हाला तुमच्या पत्रकाची पडली आहे. तिकडे माणसाची कातडी सोलून निघते आहे!"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. बाबांनी वही बंद केली आणि निघून गेले. पत्र आईने पुरं केलं. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई, एकेक अक्षर कोरत, एका पानाला तिने तासभर लावला. खाली मी आणखी दोन मुद्दे सांगितले. ज्यांना झटके येतात त्यांना लुकलुकणारे हेडसेट देऊ नयेत, कारण लुकलुकीने झटका येऊ शकतो, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. आणि भूकंपाची कवायत, भूकंपातून वाचलेल्या माणसांना आणि गावातल्या भिंतींना विचारल्याशिवाय शाळांत चालवू नये. तो शेवटचा मुद्दा आईने विचारून विचारून दोनदा लिहिला.

समितीचा कारकून दवाखान्यात आला आणि पत्रावरची माझी सही जुन्या अहवालाशी ताडून बघत म्हणाला, "मॅडम, जुळत न्हाई ओ."

"हात थरथरतो माझा."

"ते मला दिसून राहिलंय. पन कागदाला दिसत न्हाई ना. अंगठा द्या, आन् दोन साक्षीदार."

बाबांनी उमेदीची वर्षं प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवण्यात घालवली. ते तेव्हा दारात येऊन उभे होते. मी शाई लावून अंगठा उठवला. पहिला साक्षीदार म्हणून आईने सही केली. दुसरी सही करायला बाबा पुढे आले.

फलक

क्लासवाल्यांनी तीन दिवसांत फलक लावला. माझा फोटो, पत्रक वाटतानाचा, आणि खाली ठळक अक्षरांत: "टीकाकारांनीच दिली कबुली, त्रास हेडसेटमुळे झाला नाही!" पुढचं सगळं कापलेलं. कुणीतरी फलकाचा फोटो पाठवला. मी सलाइनची सुई उपटून निघाले होते, आईने आणि सिस्टरनी दोन्ही दंड धरून मला खाली बसवलं.

"काय करशील जाऊन?"

"फाडीन."

"चक्कर येऊन पडशील तिथंच. अजून एक फोटो काढतील."

दुपारी बाबा आले. शर्टाची वरची दोन बटणं गेलेली, ओठ सुजलेला, एका हाताला प्लास्टिकच्या दोरीने कापलेलं. पिशवीतून त्यांनी फलकाचा गोळा काढला आणि खाटेखाली टाकला.

"कुणी मारलं?" आई उठली.

"वॉचमनने. शिडीवरून खाली ओढलं आणि दोन ठेवून दिल्या. मग तोंड बघितलं माझं, तर माझाच विद्यार्थी निघाला, मुदखेडचा. पाया पडला." बाबा स्टुलावर बसले. "हुशार नव्हता कधी. पण शिडी नंतर त्यानेच धरली."

मी हसले आणि टाका ताणला. बाबा हसले नाहीत. कापलेल्या हाताला रुमाल गुंडाळत म्हणाले, "नवीन पत्रक छापायला टाकलंय. तुझं पत्र आहे तसं. 'माहीत होते' पण आहे त्यात. त्याच रस्त्यावर वाटून येतो."

ते वाटायला गेले. पुष्कळ पोरं पत्रक घेऊन न वाचता टाकून देत होती, असं त्यांनी येऊन सांगितलं. काही जण मात्र थांबून विचारत होते की झटका येतो तेव्हा आतून कसं वाटतं. एका मुलीने, वास कसला येतो, हे पुन्हा पुन्हा विचारलं. बाबांनी तिला डॉक्टर मॅडमची ओपीडीची वेळ लिहून दिली.

नवव्या दिवशी

पत्र दिल्यापासून नवव्या दिवशी समितीने हेडसेट पुन्हा वापरायला दिला, पण एका अटीवर: वापरताना तपासनीस हजर हवा. मला अजून डिस्चार्ज नव्हता. सिस्टरनी मला रुग्णाच्या कपड्यांतच खुर्ची दिली, हातात अहवालाचा कोरा कागद दिला. मी झटक्याची पेशंट, म्हणून पडदा बघायची मला मनाई होती. मी फक्त मावशींकडे बघायचं.

हेडसेट चढवला. आत नदी होती आणि नाव होती, एवढं मला माहीत होतं.

"आगं माय, पानी!" मावशी ओरडल्या. "मला पोहता येत न्हाई!"

"खोटं पानी हाय मावशी, बुडत न्हाई तुमी," सिस्टर जाळी ओली करत म्हणाल्या.

"पानी खोटं, मग दुखनं बी खोटं करा की!"

जाळी सुटायला लागली. मावशींनी माझं मनगट धरलं आणि नखं आत रुतली. त्या ओरडल्या. मला वाटलं होतं ओरडणार नाहीत. ओरडल्या, आईवरून शिव्या दिल्या, मधेच थांबून म्हणाल्या, "डाव्या बाजूला बगळा हाय," आणि परत ओरडल्या. मांडीचं झालं, हाताचं झालं. नवी पट्टी बांधून झाल्यावर सिस्टरनी हेडसेट काढला. मावशी घामाने न्हाल्या होत्या. माझ्या मनगटावर चार ठिकाणी रक्त आलं होतं.

मी कागद मांडीवर घेतला. "मावशी, यात विचारलंय, किती दुखलं. नाही, थोडं की जास्त?"

"जास्त."

मी "जास्त"वर खूण केली. याआधी मी एकदा मनासारखं लिहून बघितलं होतं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "कालचं कुठं लिहिलंस?"

"कालचं विचारलेलं नाही यात."

"मग काय कळंल त्या साहेबांना? काल किती ते न्हाई लिहिलं तर आजचं कसं मोजतील? शिकलेली हायस ना तू?"

कागदावर तसा रकाना नव्हता. मी एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि नवा रकाना केला. "सांगा. काय लिहू?"

मावशींनी डोळे मिटून विचार केला.

"लिही, काल सिस्टरला चावले. आज न्हाई चावले."

सिस्टरनी बाही वर सरकवून दंड पुढे केला. दोन ओळींत दातांचे वण होते, अजून जांभळे. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "लिहा."